सर्जेरावनं निवडलेला कॅमशाफ्ट

दस्तगीर मिस्त्री शेडाच्या दारात आले आणि तिथंच थबकले. हातात पेढ्यांचा पुडा होता, तो द्यायचं विसरून गेले. खंडेनवमीचा दिवस होता. सकाळी आपल्या गॅरेजातल्या पान्या-हातोड्यांची पूजा आटपून ते आमच्याकडं आले होते. आमच्या ट्रकचं इंजिन त्यांनीच उघडलं होतं आणि त्याचा एकूण एक भाग आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात पडून होता.

पडून होता तो आदल्या संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, पहाटे उठून त्या सगळ्या लोखंडाला न्हाऊमाखू घातलं होतं. आधी रॉकेलनं, मग शिकेकाईच्या पाण्यानं. लाल खण अंथरून त्याच्या मधोमध कॅमशाफ्ट ठेवला होता. कॅमशाफ्ट म्हणजे कमरेइतका लांब दांडा, अंगावर ठरावीक अंतरानं टेंगळं आलेला. त्याच्याभोवती अंगठ्याएवढे लोखंडी ठोकळे गोलाकार मांडून आत्तींनी एकेकाला हळदकुंकू लावलं होतं आणि एकेकावर झेंडूचं फूल ठेवलं होतं. त्या ठोकळ्यांना टॅपेट म्हणतात, हे मला इंजिन उघडल्यापासून माहीत झालं होतं.

"कसं दिसतंय मिस्त्री?" आत्तींनी विचारलं.

मिस्त्री खणाकडं बघतच नव्हते. ते भिंतीला टेकवून वाळत ठेवलेल्या एका फळीकडं बघत होते. त्या फळीला त्यांनी स्वतः भोकं पाडली होती आणि इंजिनातून निघालेला प्रत्येक टॅपेट आपल्या क्रमानं तिच्यात उभा करून ठेवला होता. आत्तींनी फळीसुद्धा घासूनपुसून लख्ख केली होती.

ते काहीतरी बोलणार, तोच माझ्या नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. झ्याक दिसतंय, म्हणाला. आईला म्हणाला, मिस्त्रींना चहा टाक. आत्ती खुशीत आत गेल्या आणि ते दोघं शेडामागं गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले, म्हणून मला ऐकू आलं.

"तीस वरीस एकेक टॅपेट आपापल्या टेंगळावर झिजलाय," मिस्त्री सांगत होते. "ज्याचा त्यालाच बसतो. आता कुठला कुणाचा, कोण सांगणार? तसंच बसवलं तर एकमेकाला खात्याल. कॅम बी जाईल, टॅपेट बी जातील."

"आईला सांगू नका," माझा नवरा म्हणाला. "तिनं मायेनं केलंय."

त्या क्षणी मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला. दुसरा कोणी असता तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. माझ्या माहेरी भाजीत मीठ जास्त झालं तरी ताट भिरकावलं जायचं.

तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते. 'हे' म्हणायची. आता बेधडक सर्जेराव म्हणते, एकेरीत बोलते. एवढी सूट मी कमावली आहे.

सर्जेराव आधी लांबच्या लाइनवर ड्रायव्हर होता. सांगलीहून माल भरायचा आणि पार आसामपर्यंत जायचा. सासरे गेले आणि त्यांचा ट्रक दारात उभा राहिला, तसं आत्तींनी लेकाला बोलावून घेतलं आणि त्याचे पाय घरात राहावेत म्हणून माझ्याशी लग्न लावून दिलं. आमच्या तासगावाकडच्या भागात ही औषधासारखी द्यायची गोष्ट आहे. वर्षभर तो बापाचा ट्रक चालवत राहिला. मग ट्रक ऑइल प्यायला लागला, चढाला काळा धूर सोडायला लागला आणि एक दिवस चढायचाच बंद झाला.

तेव्हा घरात सरळ बोलणं झालं होतं. इंजिनाचं काम करून कारखान्याचा हंगाम गाठायचा. हंगाम गाठला तर उसाच्या खेपा जवळपासच्या, माणूस रोज रात्री घरी. नाही गाठला, तर पोटासाठी पुन्हा लांबच्या लाइनवर. जुन्या मालकानं जागा राखून ठेवली होती. सर्जेराव म्हणाला, गाडी झाली तर मी कुठं जातोय? आत्तींनी ते वाक्य देवाच्या वचनासारखं धरलं. त्या दिवसापासून त्यांचा सगळा देवधर्म त्या इंजिनाकडं वळला. मंगळवार धरले, चप्पल सोडली आणि शेवटी ती पूजा मांडली.

आणि माझं म्हणाल तर, मलाही तो राहायला हवा होता. तो कमी बोलायचा, पण जेवताना माझ्या हातची चटणी दुसऱ्यांदा मागायचा. मला तो आवडायला लागला होता. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, माझाच नवरा होता.

लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा हे सगळं आधीच आणून झालं होतं. अडलं ते कॅमशाफ्टवर. ते मॉडेल बंद पडून जमाना लोटला होता. दुकानदार इंजिनाचं नाव ऐकूनच हसायचे. एकानं पुढच्या मॉडेलचा शाफ्ट काढून दाखवला. दिसायला जुळा भाऊ, पण बसायच्या जागा जाड. नवे टॅपेटही कुठं मिळेनात. शेवटी मिस्त्री म्हणाले, भंगारात बघ, पण जोडीनं आण. दांडा आणि त्याचे टॅपेट एकाच इंजिनातले पाहिजेत.

भंगार बाजाराला जाताना आत्तींनी मलाही बरोबर धाडलं. वस्तू घरात यायच्या आधी तिला सुनेचं बोट लागावं, अशी त्यांची समजूत. माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला. सर्जेराव नको म्हणाला नाही. आईला नाही म्हणताना मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. लग्नालाही तो असाच हो म्हणाला असणार.

एसटीत त्यानं मला खिडकीची जागा दिली. स्टँडवर उतरल्यावर भडंग घेऊन दिली आणि पुडीतली स्वतःही खाल्ली. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलो नव्हतो. आमच्या मुलूखभ्रमंतीचा तो पहिला आणि शेवटचा दिवस. मी माझी लग्नातली जांभळी साडी नेसले होते, भंगार बाजारात.

बाजार म्हणजे मैलभर लोखंडाचे ढीग. बऱ्याच चौकशीनंतर एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याकडं आमच्या इंजिनाचे दोन कॅमशाफ्ट निघाले. एक काळाकुट्ट, वाळलेल्या ऑइलनं माखलेला, आणि त्याला बांधलेल्या तारेत त्याचे टॅपेट क्रमानं ओवलेले. दुसरा पॉलिश मारून रुखवतातल्या भांड्यासारखा चमकवलेला, एकटाच.

मला वाटलं, झालं काम. मी करंडा उघडायलाच घेतला.

सर्जेरावनं खिशातून बोटभर कानस काढली. गुडघ्यावर बसून काळ्या शाफ्टच्या एका टेंगळाच्या कडेला ती ओढली. कानस नुसती घसरली, काचेवरून घसरावी तशी. मग चमकणाऱ्या शाफ्टला ओढली. आवाज निराळा आला, खरखरीत, आणि त्याच्या तळहातावर चकचकीत कीस पडला. त्याकडं तो बराच वेळ बघत बसला. मला वाटलं, हिशेब करतोय. मग त्यानं तळहात पँटला पुसला.

"हा घेतो," त्यानं चमकणाऱ्यावर हात ठेवला.

"त्येच्यासंगं टॅपेट हायत की," मी काळ्याकडं बोट दाखवून म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं? तो आतनं गेलाय."

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. भाव दोन्हीचा एकच आहे, म्हणाला. काळा न्या दादा, त्याचं कुटुंब त्याच्यासंगं आहे. सर्जेरावनं मान हलवली. हाच द्या. म्हाताऱ्यानं खांदे उडवले आणि एका पत्र्याच्या डब्यातून सुटे टॅपेट मोजून पोत्यात टाकले. मी त्या चमकणाऱ्या शाफ्टला कुंकू लावलं.

परत येताना सर्जेराव बोलत होता. वर्षभरात बोलला नव्हता एवढं तो त्या एसटीत बोलला. ब्रह्मपुत्रा ओलांडायला ट्रकांची कशी रांग लागते, दोन दोन दिवस गाडी हलत नाही, मग ड्रायव्हर लोक टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून मासे शिजवतात. चहाच्या मळ्यांमधून सकाळी गाडी निघाली की धुक्यात पुढचं काही दिसत नाही. मी तोंडाकडं बघत ऐकत होते. मला वाटत होतं, आता माझा नवरा माझ्याशी बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी शाफ्ट हातात घेतला, उजेडात फिरवून बघितला. चमक त्यांना आवडली नाही, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"कानस लावलीस?"

"लावली."

"मग?"

"घसरली की."

"टॅपेट ह्येचेच?"

"ह्येचेच."

मिस्त्रींनी स्वतःची कानस पेटीतून अर्धी काढली होती, ती परत आत सारली. शिष्यानं बघून आणलेली वस्तू उस्तादानं पुन्हा तपासायची नाही, असा त्यांच्या गॅरेजचा नेम होता. तपासली तर शिष्याला चोर म्हटल्यासारखं होतं, असं ते म्हणायचे. आणि सर्जेराव त्यांचा पहिला शिष्य, मिसरूड फुटायच्या आधीपासूनचा. मी चहाच्या कपबश्या घेऊन तिथंच उभी होते. डब्यातून मोजलेले टॅपेट मी डोळ्यांनी बघितले होते. पण नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, हे मला माहेराहून शिकवूनच पाठवलं होतं. शिवाय मला वाटलं, त्याला कळत असेल.

इंजिन चालू झालं तेव्हा आत्तींनी नारळ फोडला आणि लेकाच्या हातावर दही घातलं. धूर नाही, खोकला नाही. ट्रक तरण्या गड्यासारखा गुरगुरत होता. कारखान्याचं बॉयलर पेटलं आणि सर्जेराव खेपा करायला लागला. संध्याकाळी घरी यायचा, अंगाला उसाच्या पाचटाचा वास. चटणी मागायचा. आत्ती उंबऱ्यात बसून वाट बघायच्या आणि मी आत बसून. हे फार दिवस चाललं नाही, पण संसार म्हणून माझ्या वाट्याला जे आलं ते एवढंच, म्हणून ते मी नीट आठवते.

मग इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. मग खडखड. एका सकाळी उसानं भरलेला ट्रक कारखान्याच्या वाटेवर मधोमध बंद पडला आणि ट्रॅक्टरला बांधून घरी आणावा लागला.

मिस्त्रींनी ऑइल सोडलं तेव्हा सर्जेराव घरात नव्हता, ट्रान्स्पोर्टच्या मालकाला फोन करायला गावात गेला होता. शेडात मीच होते. ताटलीत पडलेल्या ऑइलात चमकी मिसळल्यासारखं दिसत होतं. मिस्त्रींनी दोन बोटांत ते चोळलं. सगळं खोलून झाल्यावर त्यांनी शाफ्ट बाहेर काढला. टेंगळं चपटी झाली होती. त्यांचा कीस ऑइलबरोबर सगळ्या इंजिनात फिरला होता. नव्या बेअरिंगा गेल्या, क्रँक गेला, काहीच राहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी पेटीतून कानस काढली आणि शाफ्टवर ओढली. तोच खरखरीत आवाज आला. तळहातावर तसाच कीस पडला.

"मऊ," ते म्हणाले. "वरचा कडक थर पॉलिश मारून मारून काढून टाकलाय. चांगल्या कॅमवर कानस घसरती पोरी, कणभर निघत न्हाई. हे आंधळ्याला बी कळंल."

मी त्यांच्या तळहाताकडं बघत राहिले.

"त्येला कानस धराय मी शिकवलंय," मिस्त्री म्हणाले. "त्येचा हात चुकत न्हाई." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तू संगट हुतीस न्हवं? दुसरा न्हवता तिथं?"

"न्हवता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हत्यारं पुसून एकेक पेटीत ठेवली आणि मजुरी न घेता निघून गेले.

आत्तींना काय सांगितलं? भंगारातली वस्तू, नशिबानं खराब निघाली. त्यांनी देवाला बोल लावला, मला जवळ घेऊन रडल्या आणि लेकाला वाटेत खायला दशम्या करायला बसल्या.

सर्जेराव पिशवी भरत होता तेव्हा मी खोलीचं दार लोटलं.

"जायचंच हुतं, तर तोंडानं सांगायचं हुतं," मी म्हणाले.

तो सदऱ्याची घडी घालत होता. मला काय म्हणायचं आहे, हे त्यानं विचारलं नाही, म्हणजे त्याला कळलं होतं.

"आईला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

"माझ्यापायी चाललाय?"

"न्हाई गं," तो म्हणाला, अगदी खऱ्या आवाजात. "तुझा काय संबंध न्हाई त्यात."

त्या वेळी मला त्या उत्तरानं बरं वाटलं. किती वाईट उत्तर होतं ते, हे कळायला मला वर्षं लागली. घर नकोसं झालं ते आईमुळं. उसाच्या खेपांमुळं, गावामुळं. मी हवी की नको या विचारात त्यानं मला कधी धरलंच नव्हतं.

तो एका दिवाळीला आला, एका यात्रेला आला. मग येणं थांबलं. पैसे येत राहिले, मग तेही थांबले. आमच्याकडच्या एका ड्रायव्हरनं तिकडून येऊन सांगितलं, सर्जेरावनं तिथं घर केलंय, एक मुलगी आहे. आत्तींनी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. मला म्हणाल्या, खोटं बोलतोय मेला. मी गावातल्या दूध संघाच्या केंद्रावर कामाला लागले. माहेरचे न्यायला आले होते, मी गेले नाही. आत्तींना एकटं टाकवेना. शिवाय त्या घरात त्याची वाट बघणारं आणखी एक माणूस होतं. माहेरी मी एकटीच असते. ट्रक शेडातच गंजला आणि शेवटी तोडून विकला.

बऱ्याच वर्षांनी दस्तगीर मिस्त्री वारले. चाळिसाव्यानंतर आत्ती त्यांच्या घरी भेटून आल्या. परत आल्या त्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या आणि ताट वाढलं तर हात धुवायला उठेनात. दुपार कलली तरी तशाच. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा शेजारी जाऊन बसले.

मिस्त्रींच्या बायकोनं नवऱ्याच्या आठवणी सांगता सांगता तीही एक सांगितली होती. तिच्या मनात काही नव्हतं. आमचे हे किती हळहळायचे, म्हणाली, तुम्ही पूजेत टॅपेट मिसळले तेव्हा. नाहीतर जुनाच शाफ्ट बसला असता, आणि गाडी आणखी दहा वर्षं पळाली असती.

"शालन," आत्ती म्हणाल्या, "माझ्या हातानं झालं व्हय गं ते?"

मी त्यांच्यापुढचं ताट बाजूला सारलं.

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"मी ती पूजा मांडली नसती, तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. इंजिन झालं असतं. माझं पोरगं माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हायलं असतं." त्या स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटेपालटे करून बघत होत्या. "ह्याच हातांनी घालवलं मी त्येला."

एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकत होते. काळ्या शाफ्टचं सांगायचं, तारेत ओवलेल्या टॅपेटचं सांगायचं, पँटला पुसलेल्या किसाचं सांगायचं. आत्ती, तुमचा काही दोष नाही. तुम्ही पूजा मांडली नसती तर त्यानं दुसरं काहीतरी मोडलं असतं. ओठांवर आलं होतं. आणि मग? दोष जाईल, पण तिथं काय येईल? या घरातून सुटायला ज्यानं आपल्या हातानं बापाचं इंजिन मारलं, असा लेक.

"खरं सांग मला," त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताला एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. "गाडी झाली असती, तर त्यो ऱ्हायला असता का न्हाई?"

"ऱ्हायला असता, आत्ती," मी म्हणाले.

त्या खूप रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसलं, मनगट सोडलं.

"मग बरं," म्हणाल्या. आणि भाकरी मागितली.

मी चूल पेटवली. पीठ मळताना माझ्या डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. त्यांना सांगायला मी होते. मला मात्र, तो राहिला असता, असं सांगणारं कोणी नव्हतं.